बाबांचा अर्ज

धरमपेठेतल्या क्लासमध्ये मी औपचारिक इंग्रजी शिकवते. आज एका मुलीनं रजेच्या अर्जात आईच्या खोकल्याचं वर्णन केलं होतं. ते खोडताना माझा हात थांबला.

बारावीत असताना बाबांचा बदलीचा अर्ज मीच इंग्रजीत लिहिला होता. कारखान्यातल्या बॉयलरच्या राखेनं त्यांची छाती भरली होती.

"याच्यात माहा खोकला कुठी आहे वं?" अर्थ सांगितल्यावर त्यांनी विचारलं.

"बाबा, सायबाले असं लिहत नाही," म्हणत मी माझ्या भारदस्त वाक्यांखाली त्यांची सही घेतली. कागदावर त्यांच्या अंगठ्यावरची राख उमटली.

महिन्याभरानं तितक्याच सफाईदार इंग्रजीत नकार आला. मी तो मोठ्यानं वाचला, पण अर्थ सांगायला जीभ रेटेना.

बाबा कौतुकानं ऐकत होते. म्हणाले, "सायबाची इंग्रजी तुह्यासारखीच आहे वं."