सुईला लटकलेलं कार्ड

मी मुळातच संशयी. कुणी हसून बोललं की मला वाटतं, याच्या पोटात काहीतरी आहे. या खोडीची मला आजही लाज वाटते, ती एका कार्डामुळे.

सत्तरच्या दशकात मी हिंगोलीच्या शेतकी कचेरीत कारकून होतो. साहेबांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं: शेतकऱ्यांना जे जे ठाऊक आहे ते कार्डांवर उतरवायचं. कार्डाच्या कडांना भोकं असत. एक हळदीचं, एक ज्वारीचं, एक कपाशीचं. ज्या पिकाची माहिती असेल त्याचं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्यात त्या भोकातून लांब सुई घालून उचलली की कापलेली कार्डं खाली पडत, बाकीची सुईला लटकत. "उद्या हे यंत्रच करील," साहेब म्हणत. "माणसाला विचारायची गरजच राहणार नाही."

हळद शिजवण्याची माहिती आणायला मला माझ्याच गावी, शिरड शहापूरला धाडलं. तिथे एक चाचा होते. हंगामात आसपासच्या गावांतल्या हळदीच्या कढया त्यांच्या शब्दावर चुलीवरून उतरत, आमचीही. त्यांचं पोट त्यावरच. तरी मी विचारताच ते घडाघडा सांगू लागले. मला तिथेच खटकलं. आपला हुन्नर असा फुकट कोण वाटतं?

बरं, माझ्या प्रत्येक प्रश्नावर त्यांचा उलटा प्रश्न, "कोणत्या रानाची हळद?" गड्ड्यात काडी टोचून दाखवताना ती अगदी नाकाशी धरत. मला ते नाटक वाटलं.

"वढ्याकाठची असंल तर पांढरा फेस आला की उतरवा. लई कवळी असती ती. बराबर लिवा, बाबू."

बाकी सगळ्यांनी सांगितलं होतं, फेस बसेपर्यंत शिजवा. चाचांना आमचं काम हाणून पाडायचंय, अशी माझी खात्रीच पटली. मी त्यांचं कार्ड लिहिलं, कोपऱ्यात तांबड्या शाईनं शेरा मारला आणि हळदीचं भोक कापलंच नाही.

साहेबांना कार्डांवरून हळद शिजवण्याचा प्रयोग बघायचा होता. कुणी आपली कढई देईना. शेवटी माझे वडील तयार झाले. ओढ्याकाठी आमचं दीड एकर रान होतं, वर्षभर आईवडील त्यात राबले होते. दरसाल चाचांना बोलावणारे वडील गावभर सांगत सुटले, "औंदा माझं लेकरू सांगंल."

सकाळी कढई चढली. मी सुई घातली, हळदीची कार्डं पडली. उरलेली सुईसकट बाभळीच्या फांदीला टांगून ठेवली. फेस वर आला तेव्हा चाचा बांधावर येऊन उभे होते. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या कढईवर बोलायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. माझी फजिती बघायला आलेत, असं मनात म्हणून मी हट्टानं जाळ चालू ठेवला.

उतरवली तेव्हा हळदीचा गाळ व्हायला आला होता, रंग उडाला होता. साहेब जीपकडे निघाले. वडील एक गड्डा बोटांनी चिरडत बसले. रागावले असते तर परवडलं असतं. मग उठून ते बांधावर गेले.

"चाचा, तुमाला कळलं व्हतं नं? काहून बोलले न्हाई?"

"वास आला व्हता मला. पण वाटलं, मी सांगून ठिवलंय, कार्डात हाय. ते बोलंल." चाचांनी डोळ्यांकडे बोट नेलं. "डोळे चालले माझे. फेस दिसना झालाय. म्हणून तर बाबूला सगळं देऊन टाकलं."

वडील माझ्याकडे वळले. "कुठं हाय ते कार्ड?"

मी बाभळीवरची सुई काढली आणि ते शोधून त्यांच्या हातात दिलं. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तांबड्या शाईवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंस?"

चाचा कान देऊन उभे होते. 'माणूस खोटा वाटतो', हे मला त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचावं लागलं.