आरशावरची मूठ

परवा काकवीच्या बरणीचं झाकण उघडलं आणि सावेडीतला तो फ्लॅट आठवला. तिथं आम्ही मित्रमंडळी पदरमोड करून एका एकाकी माणसाचा थरारपट करत होतो. खोट्या रक्तासाठी काकवीत लाल रंग कालवला होता. नायक होते पाथर्डीचे नामदेवकाका; पूर्वी जीप चालवायचे, तेव्हा एकटेच राहायचे. आरशावर मूठ उगारून थांबायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. त्यांनी ती खरीच मारली. काचा खळकन पडल्या आणि मनगटावरून पातळ, ऊन रक्त ओघळलं.

"काका, थांबा!" मी किंचाळले आणि ओढणीनं त्यांचा हात आवळला.

ते शांतपणे म्हणाले, "घरी रोज उगारतो, पोरी. थांब म्हनायला तिथं कुनी न्हाई."

तेव्हा मी रक्तानं हादरले होते. आता त्यांचं ते 'रोज' आठवतं.