गिरदावर काकांचं शेड

रिकामी जागा दिसली की गिरदावर काकांना चैन पडायची नाही. भिंतीवर मोकळा खिळा दिसला तरी ते थांबायचे, इथं काय अडकवता येईल म्हणून बघायचे. महसूल खात्यात गिरदावर होते तेव्हा लोकांच्या जमिनी पाहत त्यांनी आदिलाबादकडच्या आमच्या बोथच्या आसपासची गावं पालथी घातली होती. मग नोकरी संपली, काकू गेल्या, मुलगा हैदराबादला राहिला. आमच्या शेजारच्या त्यांच्या मोठ्या घराच्या परसात बागेची अवजारं ठेवायला बांधलेलं एक टिनाचं शेड होतं. पुढे काका जाईपर्यंत तेवढंच त्यांचं जग होतं.

शेड ते केवढं! दोन खाटा टाकल्या की संपलं. पण टिनावर भोपळ्याचा वेल चढवलेला, म्हणजे भोपळेही मिळायचे आणि आत टिन तापायचं नाही. छपराखाली पावसाच्या पाण्याचा ड्रम. आत जुनी शिडी आडवी टांगून तिला कांद्याच्या माळा. दाराच्या आतल्या बाजूलासुद्धा खुरपी आणि विळे. राखेत घोळलेलं बी मडक्यांत, आणि मडक्यावर मडकं. "घरात चार खोल्या खाली पडल्या हायत, हे सारं इथं काऊन कोंबता?" असं माझ्या आईनं एकदा विचारलं. काका म्हणाले, "घरात खोकललो तं आवाज घुमते, बाई. इथं सामान हाय. घुमत नाई."

त्या दिवसापासून आमच्याकडून त्यांना भाजीची वाटी जायला लागली.

एकदा आईनं मला त्यांच्याकडून वाल आणायला सांगितलं. मी नेमकं राखेतलं बियाणं उचलून आणलं. आईनं ते धुतलं, भिजवलं आणि उसळ केली. वाटी काकांकडेही गेली. दुसऱ्या घासाला ते थांबले.

"पोरी, कोणत्या मडक्यातले आणले व्हते?"

मी बोट दाखवलं.

"पुढच्या सालाचा वेल खाल्ला आपण," ते म्हणाले आणि वाटी पुसून संपवली. "झाली मस्त. आता बी मागाले मीच फिरतो दारोदारी. तेवढीच चार लोकांची भेट व्हते."

आमचं घर एका खोलीचं. बाबा कापसाच्या जिनिंगात कामाला, दोन भाऊ, आणि टीव्ही कधी बंद नाही. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. एक दिवस काकांनी मडकी सरकवली आणि कोपऱ्यात खुर्ची ठेवली. "बस इथं. कब्जा देतो, पट्टा मागू नको." मालकीचा कागद नाही, नुसती वहिवाट. मला तेवढी पुरली. फवारणीच्या पंपाशेजारी बसून मी बी.ए. झाले. हे मी आज ऑफिसात कोणालाही ताठ मानेनं सांगते.

मी वाचत असताना काका उंबऱ्यात पाठमोरे बसून बी निवडायचे. कोणी आलं की म्हणायचे, "हळू बोला बाप्पा, कलेक्टरीन वाचून राह्यली."

"काका, मी क्लार्क झाली तरी लय झालं."

"हो ना क्लार्क. पण समोर उभ्या माणसाले आधी बस म्हणजो."

शेवटच्या परीक्षेआधी त्यांनी विचारलं, "पास झाली तं जाशीन?"

"जावंच लागन, काका."

"हो. जावंच लागते." दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीच्या वर नवा बल्ब लागला होता, आधीच्यापेक्षा मोठा.

आदिलाबादला नोकरी लागली. निघायच्या दिवशी पेढे घेऊन गेले तर खुर्ची बाहेर होती आणि काका माझ्या कोपऱ्यात लसणाच्या जुड्या टांगत होते. "बरं झालं," ते म्हणाले, "लसणाले जागाच नोती." मला वाईट वाटलं. इतकी घाई?

काही दिवसांनी मी फोन केला. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "लसूण कसा हाय, काका?"

"चांगला वाळून राह्यला." मग म्हणाले, "पान उलटल्याचा आवाज नाई येत पण." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या रविवारी मी बोथची बस धरली. काका उंबऱ्यातच होते. मला पाहून 'ये'सुद्धा म्हणाले नाहीत. उठले आणि लसणाच्या जुड्या एकेक करून काढायला लागले.

"राहू द्या ना काका, मी संध्याकाळी वापस चालली."

"थांब वो. जागा तं करू दे."

खुर्ची आत आली. काका पुन्हा पाठमोरे बसले, पण बियांचं सूप तसंच बाजूला पडून होतं. माझ्याकडे पुस्तक नव्हतं. पिकायला ठेवलेल्या पेरूंखाली अंथरलेला एक जुना तेलुगू पेपर होता, तो ओढून घेतला. एक पान उलटलं. थोड्या वेळानं दुसरं.

मागे न बघता काका म्हणाले, "घाई काऊन करून राह्यली? सावकाश वाच."