'नवा भात'मधले जुने तांदूळ

मेश्राम बाईंनी बारावीनंतर माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. त्याच बाईंना ऑपरेशननंतर जेवण जाईना.

"एटापल्लीकडं माझी पहिली शाळा होती," त्या म्हणाल्या. "तिथल्या 'नवा भात' हॉटेलातले नवे तांदूळ आण. पेज पिऊन पाहीन."

शनिवारी त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. मी गुरुवारी पहाटेच गडचांदूर सोडले.

चंद्रपुरात 'सागर किनारा' नावाच्या हॉटेलात चहा घेतला. तिथे हात धुवायला नळाला पाणी नव्हते. मूलला 'एक्सप्रेस भोजनालया'त पाऊण तास ताटाची वाट पाहिली. सारखा उठून बस पाहत होतो.

"एक्सप्रेस काऊन लिहिलं मग?" मी चिडून विचारले.

"एक्सप्रेस तुमची हाये भाऊ, आमचं जेवण पॅसेंजर," वाढपी म्हणाला. अर्धी पोळी हातात घेऊनच पळालो.

गडचिरोलीपुढे सागवान दाट झाले आणि फोनची रेंज गेली. एटापल्लीत मुक्काम करून शुक्रवारी सकाळी 'नवा भात' गाठले. कुडाच्या भिंती, दोन बाकडी. ताटात अंबाडीची भाजी आली आणि गेल्या वर्षीच्या तांदळाचा भात. कोपऱ्यात मात्र नव्या तांदळाचे पोते उभे होते.

मालकीण जनीबाईंना बाईंचा निरोप सांगितला. त्यांनी पोत्याकडे पाहिले आणि मान हलवली.

"नवं व्हाचं हाये अजून."

गायता (गावाचा पुजारी) नवे धान देवाला वाहीपर्यंत इथे ते कोणी खात नाही, कोणाला देतही नाही. ही 'नवं'ची पूजा रविवारी होती.

"पण बाई उद्या चालल्या पुण्याले!"

शेजारच्या बाकड्यावरचा ट्रॅक्टरवाला हसला. "गडचिरोलीच्या दुकानातून घे ना! बिमार बाईले काय समजते?"

"तिले समजन," जनीबाई म्हणाल्या. "इथी होती तवा आमच्यासंगं थांबे. तिचा देव नाई, तरी थांबे."

मी पिशवी उचलून दोनदा बसथांब्यापर्यंत गेलो, दोनदा परत आलो. शेवटी वहीचे पान फाडून लिहिले आणि एसटीच्या ड्रायव्हरकडे दिले. गडचांदूरच्या गाडीवर ते पोचवायचे त्याने कबूल केले.

"आदरणीय बाई,
तांदूळ समोर आहेत, पण नवं रविवारी आहे. दुसरे तांदूळ आणून तुमच्याशी खोटे बोलणे मला जमले नाही. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी दाखला घेऊन यायचा होतो, तेव्हा खिडकी बंद करणाऱ्या क्लार्कला तुम्ही म्हणाला होतात, 'पोरगा येऊन राह्यला, थांबा.' पुण्याला सोमवारी निघा.
मी येऊन राह्यलो, बाई. थांबा."