मालावरची शिकवणी

बोकडाला केबिनमध्ये बसवलं आणि मला म्हणाले, मागं चढ.

गेल्या चैत्रातली गोष्ट. शेठच्या घरचा नवस होता, कार्ल्याच्या देवीला बोकड द्यायचा होता. आमची लॉरी चिंचवडच्या कारखान्यातून लोखंडी पाइप घेऊन मुंबईला निघालेली. कार्ला वाटेतच, म्हणून बोकड आमच्याबरोबर. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला गुलाल. माझ्या जोडीच्या जुन्या ड्रायव्हरनं, बबनरावांनी, त्याला दोन्ही हातांनी उचलून सीटवर ठेवलं. दार लावलं. काच थोडी खाली केली, त्याला वारा लागावा म्हणून. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चढ लवकर. ऊन तापायच्या आत घाट धरायचाय."

मी चाकावर पाय देऊन वर चढलो. डावा पाय हातानं उचलून घ्यावा लागत होता. यार्डातले सगळे बघत होते. कुणी हसलं नाही. त्यांना त्यात हसण्यासारखंसुद्धा काही वाटलं नाही, हे मला जास्त लागलं.

मी हमाल नव्हतो. ड्रायव्हर होतो. याच शेठची लॉरी मी कित्येक वर्षं चालवली होती. एकदा माल उतरवताना मागचा फाळका निसटला आणि माझ्या डाव्या पायावर आला. हाड मोडलं. महिनोन्‌महिने अंथरुणात काढले. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. परत कामावर आलो तेव्हा शेठनं यार्डाचा नियम सांगितला. फार दिवस घरी बसलेल्या ड्रायव्हरनं तीन खेपा जुन्या ड्रायव्हरच्या जोडीला करायच्या. तो सपाटीवर गाडी देणार, मग घाटात देणार, आणि शेवटी सगळ्यांसमोर सांगणार, माणूस तयार आहे. त्यानं सांगितलं तरच पुन्हा लॉरी मिळणार.

नियम वाईट नव्हता. खरं सांगायचं तर मला तो हवाच होता. क्लच डाव्या पायाचा. तो पाय घाटात दगा देईल का, ही भीती मला रोज झोपू देत नव्हती. कुणीतरी शेजारी बसावं, चुकलो तर सांगावं, असं मनापासून वाटत होतं.

आणि बबनरावांना शिकवता येत होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्याच गावचा एक ड्रायव्हर छातीच्या आजारातून उठून आला, तेव्हा त्याला त्यांनी शेजारी बसवलं, आपल्या थर्मासातला चहा पाजला आणि तळेगावच्या पुढं स्टिअरिंग हातात दिलं. नियम तोच. शिकवणाराही तोच.

माझ्या पहिल्या खेपेला मी केबिनच्या दाराला हात लावला, तर म्हणाले, "केबिनमधी माझा देव हाय, माझा डबा हाय. तू मागं बस. रस्ता मागनंबी दिसतो."

आम्ही बौद्ध. हे काही नवीन ऐकत नव्हतो. पण इतकी वर्षं माझी गाडी वेगळी, माझा किन्नर, म्हणजे क्लीनर, आमच्याच वस्तीतला, आमचा स्टो आमचा. माझ्या शेजारी बसायची पाळी त्यांच्यापैकी कुणावर आलीच नव्हती, आणि मला ते कधी ध्यानात आलं नव्हतं. मी समजत होतो, ड्रायव्हर हीच आता आमची सगळ्यांची जात.

दोन खेपा मालावर बसून झाल्या. घरी आलो की बायको पायाला तेल चोळत विचारायची, "आज काय शिकवलं हो?" मी म्हणायचो, "घाट." ती खूश व्हायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

पाइपांवर बसणं म्हणजे काय, ते खालच्यांना कळणार नाही. पाइप गुळगुळीत. ब्रेक लागला की सगळा भार पुढं सरकतो, केबिनच्या पाठीवर येतो. आधीच्या वर्षी एक हमाल असाच केबिनला पाठ टेकून बसला होता. उतारावर ब्रेक लागला. त्याला बाहेर काढायला जे गेले, ते त्या दिवसाबद्दल अजून बोलत नाहीत. म्हणून मी पाठ टेकत नव्हतो. मधोमध, खाली गोणपाट घालून, दोर घट्ट धरून बसत होतो.

बोकडाच्या त्या तिसऱ्या खेपेला दोर पहिल्यापासून कुरकुरत होता. पाइपांची टोकं निघताना एका रेषेत होती. तळेगाव मागं पडलं तेव्हा ती पुढंमागं झाली होती. मी केबिनवर थाप मारली. गाडी थांबली नाही. मागच्या छोट्या काचेतून बोकड माझ्याकडे बघत होता. ऊन चढलं तसं लोखंड तापलं, हात ठेवता येईना.

कार्ल्याच्या फाट्यावर शेठची माणसं उभी होती. त्यांनी बोकड उतरवून नेला. त्यानं सीटवर मुतून ठेवलं होतं. बबनरावांनी कॅनमधलं पाणी ओतून सीट धुतली आणि स्वतःच्या पंच्यानं पुसली. मी खाली उतरून दाराशी गेलो.

"बबनराव, पुढं घाट हाय. शेवटची खेप हाय माझी. आता तरी गाडी द्या."

ते पंचा पिळत होते. "मागंच बस," म्हणाले. "सीट आत्ताच धुतली हाय."

आधी लाज वाटली. कशाची, कुणाला ठाऊक. माझ्या कपड्यांकडे माझंच लक्ष गेलं. सकाळी बायकोनं धुतलेला शर्ट मी घातला होता. मग तळपायाची आग मस्तकाला गेली. ते पलीकडच्या टपरीवर चहा घ्यायला वळले. चावी गाडीलाच होती. मी पुढून फिरून ड्रायव्हरच्या दारानं आत चढलो आणि डावा पाय क्लचवर ठेवला. कळ कंबरेपर्यंत गेली. पण क्लच दबला. गाडी चालू केली.

बबनराव ग्लास टाकून धावत आले. "उतर! उतर म्हणतो ना!"

"मी निघालो," मी म्हणालो. "शेजारी बसायचं तर बसा. न्हाई तर मागं जागा हाय."

ते अंगानं माझ्या दुप्पट. मला ओढून काढतील असंच वाटलं. पण ओढायचं तर मला हात लावावा लागणार होता. त्यांनी धुतलेल्या सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माल सोडून राहिले असते तर शेठला काय सांगणार? ते मागं गेले आणि पाइपांवर चढले.

खंडाळा ओलांडलं आणि उतार लागला. मी खालचा गिअर धरला. पाय थरथरत होता, पण काम करत होता. तेवढ्यात वरून थापा सुरू झाल्या. आधी रागाच्या. एका वळणानंतर त्या बदलल्या.

"थांबव! ए बाबा, थांबव!"

पाठीमागं लोखंड सरकल्याचा आवाज मलाही आला. वळणावर गाडी थांबवता येत नाही. रुंद जागा येईपर्यंत जावंच लागलं. तेवढ्या वाटेत तो माणूस जगतो की मरतो, हे माझ्या मोडक्या पायावर होतं. मी ब्रेक हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं दाबला. गाडी थांबवली, चाकांना दगड लावले.

बबनराव उतरले. तळहात भाजून लाल झालेले. ओठ पांढरे. पाइप केबिनच्या पाठीला येऊन भिडले होते. आम्ही दोघांनी दोर पुन्हा आवळला, एका बाजूनं ते, एका बाजूनं मी. मग मी पलीकडचं दार उघडलं. म्हणालो, "बसा आत."

ते सीटकडे बघत राहिले. आणि ते पुन्हा मागं गेले. चाकावर पाय दिला आणि त्याच पाइपांवर जाऊन बसले.

तिथं माझे डोळे उघडले. लोखंडाखाली चेंगरणं चालेल, पण माझ्या शेजारी बसणं नको. आणि याच माणसाच्या तोंडून, मी तयार आहे, हे ऐकायला मी तीन खेपा उन्हात बसलो होतो. खोपोली येईपर्यंत मी रडत होतो. पाय एकदाही चुकला नाही.

मुंबईत माल पोचवून यार्डात परत आलो. शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय बबनराव, गडी तयार हाय का?"

"न्हाई," बबनराव म्हणाले. "पाय चालत न्हाई त्याचा."

शेठ माझ्याकडे वळले. "आणखी तीन खेपा कर मग."

"करीन," मी म्हणालो. "केबिनमधी बसून."

"ते बबनराव ठरवतील."

"मग मी ठरवलंय. मालावर बसणार न्हाई."

त्या दिवसापासून मला लॉरी नाही. आकुर्डीपासून तळेगावपर्यंत सगळी यार्डं पालथी घातली. सगळीकडे एकच प्रश्न, बबनराव काय म्हणाले? बायको आता विचारत नाही, मीच तिला सगळं सांगून टाकलंय.

रोज सकाळी मी यार्डाच्या फाटकाबाहेर उभा राहतो. आमच्यातला कुणी मालावर चढताना दिसला की त्याचा हात धरून सांगतो, उतर. शेठनं माणसं पाठवून दम दिला. पुढच्या वेळी दुसराही पाय मोडू, म्हणाले. काल तरीही एक जण उतरला. उद्या कुणी उतरला नाही, तर मी लॉरीच्या पुढं उभा राहणार आहे. ब्रेक दाबायचा की नाही, ते ड्रायव्हरनं बघावं. मी हलणार नाही.