झेंड्याचा जळका कोपरा

जागतिक बंधुत्वाची जबाबदारी एका दिवसापुरती भिवंडी पोलिसांच्या खांद्यावर आली होती, आणि तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. बंदोबस्ताच्या आदेशातलं पहिलं वाक्य तसंच होतं. दुसरं वाक्य, प्रत्येकाने पिण्याचं पाणी घरून आणावं, असं होतं.

आंतरराष्ट्रीय कबड्डी स्पर्धेचं उद्घाटन दुपारी चारला होतं. एका पाहुण्या देशाला दिलेलं निमंत्रण एका पक्षाला खुपत होतं. त्यामुळे दुसऱ्या पक्षाला तो देश अचानक जिवाभावाचा वाटू लागला होता. दोघांनाही मैदानाच्या फाटकापाशी निदर्शनं करायची होती. एकाला डावी बाजू दिली, दुसऱ्याला उजवी. मध्ये आम्ही.

सकाळी खबऱ्या धापा टाकत आला. "साहब, कशेळी में वो टेलर मास्टर है ना, उसने उसी मुल्क का झंडा जलाया. मेरे सामने, माचिस से!"

मास्तरला, त्याच्या पिशवीला आणि झेंड्याला ठाण्यात आणलं. झेंड्याचा एक कोपरा खरोखरच जळलेला होता. हा माणूस मूळचा खारबावचा, पन्नाशीचा. मोजमापाची टेप गळ्यात तशीच.

"झेंडा जाळलात?"

"जाळला साहेब. चूक झाली."

इतक्या सहज कबुली मिळाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"समितीच्या."

हवालदाराचं पेन थांबलं. आयोजन समितीच कटात?

"कोणत्या पक्षाचं काम करता?"

"दोन्ही. काळे झेंडे त्यांचे, पांढरे ह्यांचे. समद्यांचे मीच शिवले." मग त्याने हात जोडले. "मला बसवून ठेवा साहेब, पन ह्यो झेंडा चारच्या आत सोडा. माझी पोरगी धाव्वीत हाय. संचलनात ह्योच घेऊन चालनार हाय ती. आठ दिस झाले, घरात काठी घेऊन चालतेय."

झेंडा तर मुद्देमालात जमा झाला होता. वरिष्ठांचा फोनही येऊन गेला होता: चारपर्यंत कोणाला सोडायचं नाही.

आमचा हवालदार दिघाशीचा. भरतीआधी त्याने कापडाच्या लूमवर शिफ्टा केलेल्या. त्याने झेंडा उलटसुलट केला आणि विचारलं, "मास्तर, धागा काढून लावायचा ना काडी? आख्खं कापडच धरलंत?"

"घाई झाली रं. वाऱ्यानं कोपरा धरला."

हवालदाराने झेंड्याच्या कडेचा एक धागा ओढला, काडी लावली. जळक्या कागदासारखा वास आला, मऊ राख पडली. मग मास्तरच्या पिशवीतल्या काळ्या झेंड्याचा धागा पेटवला. तो आकसला आणि त्याची कडक गोळी झाली.

"हा सुती, हा पॉलिस्टर. आमच्याकडं कापड असंच बघतात, साहेब."

समितीने सुती झेंडे सांगितले होते. मास्तर फक्त कापड खरंच सुती आहे ना, याची खात्री करत होता. "मग हे आधीच का नाही सांगितलंत?" मी चिडून विचारलं.

"मला वाटलं, कापड खराब केलं म्हनून समितीनं तक्रार दिली."

कापडाची ही परीक्षा भिवंडीत इतकी वर्षं काढूनही मला ठाऊक नव्हती, आणि ती पोलिसांना ठाऊक नसेल हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वरिष्ठांना मी फोन केला. सगळा प्रकार सांगितला. मग "ठीक आहे" एवढंच ऐकू आलं. स्टेशन डायरीत नोंद करून झेंडा परत दिला, आणि मास्तरने ठाण्याच्या बाकावरच कोपरा कापून कड दुमडून शिवली.

मास्तरला आणि झेंड्याला घेऊन जीपने मैदानावर पोहोचलो तेव्हा फाटकावर रणधुमाळी होती. डावीकडे मुर्दाबाद, उजवीकडे जिंदाबाद.

"ए, तुमच्या झेंड्याची शिलाई उसवली रे!"

"शिंपी एकच हाय दादा, तुमची पन उसवंल!"

तेवढ्यात दोन्हीकडच्यांना मास्तर दिसला आणि दोघांनीही "या मास्तर" म्हणत वाट दिली. ती वाट करायला मी सकाळपासून बारा शिपाई लावले होते.

आज निवृत्तीनंतर त्या बंदोबस्ताची आठवण झाली की मला भाषणं आठवत नाहीत. आठवते एका बाजूला किंचित आखूड झेंडा घेऊन ताठ मानेने चालणारी मुलगी, आणि बॅरिकेडला धरून उभा असलेला तिचा बाप. त्या केसने मला एवढंच शिकवलं की कबुली मिळाली तरी, माणूस नक्की काय कबूल करतोय ते विचारावं.

ती मुलगी फाटकातून आत येताच दोन्ही बाजूंच्या घोषणा टिपेला पोहोचल्या. तिच्या मागे कोणीच नव्हतं. त्या देशाचा संघ व्हिसा न मिळाल्याने आलाच नव्हता.