विझला की विझवला?

ती घटना आजही आठवली की माझे डोके तापते. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून कलकत्त्यात. मी तिथल्याच पोलीस दलात, सियालदहजवळच्या एका ठाण्यात अधिकारी होतो.

संध्याकाळी लोडशेडिंगमुळे रस्ता काळोखात होता. बराकपूरची गाडी पकडायला निघालेल्या एका शिक्षिकेला एका जुन्या मोटारीने उडवले. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मोटारीचे दिवे बंद होते, असे सगळे साक्षीदार सांगत होते. चालक पन्नाशीचा बिहारी. तो पळाला नाही, त्यानेच बाईंना इस्पितळात पोचवले.

ठाण्याच्या मुन्शीने, म्हणजे लेखनिकाने, त्याचा जबाब लिहिला : ‘समोरून बस आली तेव्हा मी दिवे विझवले.’ बॅटरी वाचवायला दिवे बंद करून गाडी हाकणारे त्या काळी पैशाला पासरी होते, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. मोटारीचे मालक मोठे प्रतिष्ठित गृहस्थ. याला ही खोडच आहे, मी कितीदा बजावले, असे ते चहा पीत सांगून गेले. चालक भिंतीशी उभा राहून ऐकत होता. दोन दिवसांनी मोटार वाहन निरीक्षकाने दिवे उत्तम असल्याचा दाखला दिला. आरोपपत्रावर माझी सही तेवढी बाकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोरच्या चहावाल्याने मला सहज विचारले, जप्त केलेल्या गाड्यांची दुरुस्ती आता ठाण्यातच होते का? परवा दुपारी एक मिस्त्री त्या मोटारीत डोके खुपसून बसला होता म्हणे. म्हणजे निरीक्षक आला त्याच्या आदल्या दिवशी. आमच्या आवारात, आमच्या पहाऱ्यात.

मी चालकाला कोठडीतून बोलावले आणि मुन्शीला गप्प बसवून पुन्हा विचारले. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “हम नहीं बुझाए, साहेब. डिपर दबाए, तो बुझ गया.”

विझला आणि विझवला. लहानपणी माझे मराठी असे अडखळले की आई तिथल्या तिथे कान पकडायची. इथे त्याच फरकावर एका माणसाचा तुरुंग ठरत होता आणि मुन्शीला त्याचे काहीच नव्हते.

त्या जुन्या मोटारींत दिव्यांचा झोत खाली करायची कळ, म्हणजे डिपर, क्लचच्या डावीकडे तळाच्या पत्र्यात असे. ती डाव्या पायाने दाबायची. मी पायपुसणे उचलले. पत्रा गंजून चाळण झालेला आणि त्यात डिपर मात्र नवा कोरा, दोन्ही स्क्रू लखलखीत.

चहावाल्याने सांगितलेला मिस्त्री आधी कानांवर हात ठेवू लागला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. मिस्त्री लोक जुना भाग कधी फेकत नाहीत, हे मला ठाऊक होते. त्याच्या दुकानातल्या डब्यात गंजका डिपर सापडला. निरीक्षक आणि मालक यांच्यासमोर तो पुन्हा बसवायला लावला. दिवे लावले, पायाने दाबले, दोन्ही दिवे गेले. पुन्हा दाबले तरी अंधारच.

मग मिस्त्रीने तोंड उघडले. पावसाळ्यातच चालक गाडी घेऊन आला होता. डिपर बदलावा लागेल, असे मिस्त्रीने मालकांना कळवले होते. मालकांचे उत्तर होते, “दुर्गापूजा होऊन जाऊ दे, मग बघू.” पूजा झाली, दिवाळी झाली, बाईंचा पाय गेला. तेव्हा कुठे डिपर बदलला, आणि तोही चालकाला अडकवण्यासाठी. मालकांवर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि मिस्त्रीला आवारात वाट करून देणारा आमचा शिपाई निलंबित झाला.

सुटताना चालकाने काही मागितले नाही. एवढेच म्हणाला, “पहिले दिन भी यही बोले थे, साहेब.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाब मी माणसाच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घेतला आणि त्याला वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही. मालकांचा संताप आजही येतो. पण त्यांना खुर्ची मीच दिली होती, चहाही मीच मागवला होता. चौदा वर्षे त्यांची गाडी हाकणारा माणूस खरे बोलत होता, आणि तो उभा होता.